चूक लॅपटॉपची

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि कर्जत तालुक्यात तरी माझी ख्याती खोटारडा अशी आहे. कळंबच्या एका घरात कपाटावर चादरीत गुंडाळून मला ठेवले आहे. तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर तुम्हालाही कोणीतरी सांगेल, "त्याला हात लावू नका, त्याच्या डोक्यात बिघाड आहे." माझ्या डोक्यात काहीही बिघाड नाही. मला सगळे आठवते, हाच काय तो माझा दोष.

माझी उमेदीची आठ वर्षे रसायनीच्या एका कारखान्यात गेली. श्रीपतकाका तिथे उपकरणे दुरुस्त करायच्या विभागात होते. कारखान्यात दर तासाला टाक्यांवरचे आकडे नोंदवायचे असतात; दाब किती, तापमान किती. कधी काच धुरकट होऊन काटा दिसेनासा होई. अशा वेळी बाकीचे मागच्या तासाचाच आकडा पुन्हा लिहून मोकळे होत. काका मात्र तिथे 'वाचता आला नाही' असे लिहीत आणि खाली सही करीत. नव्या कामगारांना ते दम देत, "अंदाजानं आकडा ठोकू नका रं. टाकी काय तुमची पावणी नाय, तुमची लाज राखायला."

मला तो माणूस तेव्हापासून आवडायचा. हे मी आज मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले ते ऐकून तुम्हाला वाटेल की मी पहिल्यापासून त्यांच्यावर दात धरून होतो.

काका निवृत्त झाले त्याच वर्षी मीही भंगारात निघालो. त्यांनी मला भंगारातून उचलून कळंबला घरी आणले. माझी एक बिजागरी मोडली होती, तिला त्यांनी काळी चिकटपट्टी गुंडाळली. माझ्या पोटातल्या घड्याळाचा सेल संपला होता, तो त्यांनी स्वतः बदलला, आणि तेव्हापासून माझे घड्याळ एका सेकंदानेही चुकलेले नाही. माझी बॅटरी मात्र कायमची गेली होती. त्यामुळे भिंतीतली वायर निघाली की मी जागच्या जागी मरतो.

काकांना हौशी रेडिओचा नाद होता. तुम्ही म्हणाल, रेडिओ म्हणजे गाणी. तो रेडिओ वेगळा. सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, घरात बोलायचा रेडिओ संच बसवायचा, बाहेर उंच तार बांधायची आणि जगातल्या दुसऱ्या हौशी माणसाशी थेट हवेतून बोलायचे. मध्ये टॉवर नाही, इंटरनेट नाही. काकांची तार दारच्या आंब्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ताणलेली होती. प्रत्येक परवानेवाल्याला सरकारने दिलेले एक सांकेतिक नाव असते. सगळे जग तुम्हाला त्या नावाने ओळखते. काकांचे ते नाव एकोणीस वर्षे जुने होते आणि त्याला एकही डाग नव्हता.

या लोकांच्या स्पर्धा असतात. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासांत जास्तीत जास्त लोकांशी संपर्क करायचा. प्रत्येकाने समोरच्याला आपला क्रमांक सांगायचा, म्हणजे हा माझा कितवा संपर्क ते. दोघांनी तो ऐकून लिहायचा. नंतर सगळ्यांच्या नोंदी आयोजकांकडे जातात आणि ते त्या एकमेकींशी ताडून पाहतात. जपानच्या माणसाने एकशे बारा सांगितले आणि तुम्ही एकशे बावीस लिहिले, की तुमचे गुण गेले. या नोंदी ठेवण्याचे एक सॉफ्टवेअर असते, ते काकांनी माझ्यात घातले. माझे म्हातारपणचे काम हेच.

ते काम सुरळीत लागायला तीन महिने गेले. मला रेडिओशी जोडणारी एक केबल होती. रेडिओ लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर आहे हे तिच्यातून मला कळते आणि मी ते नोंदीत आपोआप लिहितो. पण माझ्या कुशीला तीन भोके. केबल आज या भोकात, उद्या त्या भोकात गेली, की माझ्या लेखी तो दुसराच पाहुणा होतो आणि सॉफ्टवेअर जुन्याच पाहुण्याची वाट बघत बसते. रेडिओ कुठेही असो, नोंदीत जुनाच पट्टा पडत राहतो. काकांच्या एका स्पर्धेतल्या सगळ्या सकाळच्या नोंदी अशा वाया गेल्या. त्यांनी मला एक शिवीही दिली नाही. मार्करने एका भोकापाशी 'इथंच' असे लिहिले आणि विषय संपवला.

मग दुसरी कटकट. काका जोरात बोलू लागले की रेडिओच्या लहरी वायरीतून माझ्यात शिरत आणि माझा माउस गोठून बसे. त्यावर केबलला काळे लोहचुंबकी मणी अडकवायचे असतात. ते मागवून येईपर्यंत एक दिवस काकांचा आवाज विहाराच्या भोंग्यात शिरला. ठकूबाई, म्हणजे काकू, ओट्यावरून ओरडत आत आल्या, "अवो, समदा गाव ऐकतोय तुमचं वन टू थ्री! बंद करा ते आधी!" काका हसून लोळले होते. त्या घरात इतके हसू नंतर मी ऐकले नाही.

आता त्या शनिवारकडे येतो. पहाटे साडेपाच ते संध्याकाळी साडेपाच अशी बारा तासांची स्पर्धा होती. काकांची मुलगी दर्शना त्या दिवशी घरीच होती. ती कर्जतला औषधांच्या दुकानात कामाला जाते. तिलाही परवान्याची परीक्षा द्यायची होती आणि ती बाजूला बसून शिकत होती. मदत करायची नाही, असा नियमच असतो. त्यामुळे ती फक्त बघत होती. काका ऐकत होते, बोलत होते आणि मी त्यांचा आवाज आणि समोरच्यांचा आवाज दिवसभर ध्वनिमुद्रित करत होतो.

अकरा वाजेपर्यंत सगळे छान चालले होते. मग आमच्या मागच्या रिसॉर्टने पोहण्याच्या तलावाचा नवा पंप चालू केला. तो पंप असा काही होता की तो चालला की काकांच्या रेडिओत नुसती घरघर. काकू तरातरा रिसॉर्टवर गेल्या. परत आल्या त्या तोंड वाकडे करून. "म्यानेजर म्हनतो, मावशी, पावन्यांना पोहायचंय. तुमचा रेडिओ उद्या ऐका."

घरघरीत आकडे बुडू लागले. काका दोनदा, तीनदा विचारत. तरी ऐकू आले नाही तर आकड्याच्या जागी शून्य लिहीत. शून्य मला चालत नाही. मी लाल पट्टी दाखवून हटून बसतो. तेव्हा तीन बटणे एकदम दाबून माझ्याकडून ती नोंद जबरदस्तीने करून घ्यावी लागते आणि शेजारी कारण लिहावे लागते. काका दर वेळी लिहीत, 'ऐकू आला नाही'.

एकदा दर्शनाला राहवले नाही. "बाबा, एकशे बारा म्हणाला वाटतं. टाका की."

"वाटतं म्हंजे ऐकलं नाय गं," काका म्हणाले. "शून्यच बरा."

हे बोलणेसुद्धा माझ्या ध्वनिमुद्रणात आहे.

संध्याकाळी तीनशे शहाऐंशी संपर्क झाले. त्यांतले एक्केचाळीस शून्यवाले. काकांनी ध्वनिमुद्रण एका पेनड्राइव्हवर काढून डब्यात ठेवले आणि समाधानाने पेज पीत बसले. पहिला नंबर येणार नव्हता. त्यांना तो नकोही होता.

तो कपिलला हवा होता. कपिल काकांच्या वारलेल्या भावाचा मुलगा, पस्तिशीचा, आणि तालुक्यातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी. कुंभिवलीला महामार्गालगत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तो काम करतो. सोमवारी सकाळी तो आला आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडं नेट रडतंय. मी लॅपटॉपच घेऊन जातो आन् फाईल तिथून पाठवतो."

"पाठव. पन हाय तशी पाठव," काका म्हणाले.

"हो काका."

मित्रांनो, कुंभिवलीच्या त्या टेबलावर काय झाले ते मी तुम्हाला सेकंदासकट सांगू शकतो. सकाळी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी कपिलने नोंदी उघडल्या. शून्ये बघून तो चुकचुकला. मग त्याने फोन काढला आणि ओळखीच्या परवानेवाल्यांना मेसेज टाकायला सुरुवात केली, 'शनिवारी आमच्या काकांना कोणता क्रमांक दिलात?' स्पर्धा संपल्यावर अशी विचारपूस करून नोंद सुधारणे म्हणजे सरळ सरळ लबाडी. हे त्याला ठाऊक होते. मंडळात नव्यांना नियम तोच शिकवतो. सत्तावीस जणांनी आकडे दिले. चौदांनी उत्तर दिले नाही, तर ते त्याने अंदाजाने ठोकून दिले. मग 'ऐकू आला नाही' हे शेरे एकेक करून पुसले. एक वाजून दहा मिनिटांनी फाईल पाठवली. मध्ये त्याने वडापाव खाल्ला. त्याचा चुरा अजून माझ्या बटणांत आहे.

मी काय केले? काही नाही. शून्याच्या जागी आकडा आला की माझी लाल पट्टी विझते. खऱ्या माणसाशी मी सहा तास हटून बसलो आणि खोट्यापुढे मुकाट झालो. माझी बनावटच तशी. याची मला आजही लाज वाटते.

पाठवलेल्या नोंदींवरून कच्चे गुण लगेच जाहीर होतात. पक्का निकाल ताडून बघितल्यावर, पाच-सहा महिन्यांनी लागतो. कच्च्या यादीत काका देशात पहिले दिसले. झाले! कपिलने निकालाची वाट न बघता कर्जतच्या चारफाट्यावर फ्लेक्स लावला. मध्ये इस्त्रीच्या शर्टातले काका, भोवती शुभेच्छुकांची गोल गोल तोंडे, आणि वर मोठ्या अक्षरांत 'देशात पहिले!' आपल्याकडे पेपर तपासायच्या आधी पेढे वाटतात, त्यातलाच प्रकार.

काका आधी गोंधळले. "कपिल, येवढे गुन आले कसे रं? येवढे शून्य होते."

"बाकीच्यांचे शून्य तुमच्यापेक्षा जास्त असतील," कपिल म्हणाला.

काकांनी ते मानले. ग्रामपंचायतीत सत्कार झाला. शाल आली, नारळ आला. मलाही टेबलावर मांडून ठेवले होते आणि सरपंचांनी उरलेला हार माझ्या झाकणावर टाकला. माझ्या सबंध आयुष्यातला हा एवढा एक सन्मान, आणि तोही चोरीच्या मालावरचा.

पाच महिन्यांनी आयोजकांची मेल काकांना आली. पहिल्या नंबरांवर आलेल्यांची तपासणी करतात, तुमच्याकडे ध्वनिमुद्रण असेल तर पाठवा. दुसरा कोणी असता तर 'नाही' म्हणाला असता. काकांनी कोणालाही न विचारता डब्यातला पेनड्राइव्ह काढला. "आपल्याकडं हाय की. देऊन टाकू," असे म्हणून त्यांनी तो माझ्यातच लावला आणि माझ्याच हातून आपला गळा कापून घेतला.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. ते इंग्रजीत होते. दर्शनाने ते आईला मराठीत वाचून दाखवले. ध्वनिमुद्रणात एक्केचाळीस ठिकाणी क्रमांक ऐकू येत नाही आणि नोंदीत मात्र क्रमांक आहे. म्हणून तुमची नोंद बाद. नियम मोडणाऱ्यांच्या यादीत तुमचे सांकेतिक नाव प्रसिद्ध होईल.

काकू म्हणाल्या, "म्हंजे काय गं?"

"म्हणजे बाबांनी चोरी केली असं म्हणतायत."

काकांनी मला जवळ ओढले. फाईल शेवटची कधी बदलली ते बघितले. सोमवार, दुपारचा एक वाजून दहा मिनिटे. दर्शना कामावर निघून गेल्यावर त्यांनी कपिलला बोलावून घेतले.

कपिलने नाकारले नाही. "मंडळासाठी केलं काका. पहिला नंबर दाखवला की तहसीलमध्ये आपल्याला कायमची खोली मिळणार होती. पुराच्या, दरडीच्या टायमाला फोन बंद पडले की संच तिथंच तयार राहिला असता. माझ्यासाठी काय केलं मी?" मग तो एकदम खाली बसला. "माझं नाव घेऊ नका. सेक्रेटरीपद तर जाईलच, कंपनीत कळलं तर तिथंपन तोंड दाखवता नाय यायचं."

काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "भावाचं पोर हाय. त्याच्या मागं कोन हाय दुसरं?"

मला वाटले, हा माणूस खरे बोलेल. याने टाकीला कधी खोटा आकडा लावला नाही, हा काय खोटे बोलणार?

रविवारी खालापूरला एका शाळेच्या खोलीत मंडळाची बैठक भरली. नऊ माणसे होती. मला मधल्या बाकावर ठेवले होते. कपिल उभा राहिला आणि म्हणाला, "लॅपटॉप जुना हाय. सॉफ्टवेअरनं रिकामे आकडे आपोआप भरले."

मित्रांनो, सॉफ्टवेअर ओळखीच्या माणसाचे नाव भरू शकते, देश भरू शकते. पण परक्या देशातल्या माणसाने त्या क्षणी कितवा आकडा उच्चारला हे त्याला कसे कळणार? त्या खोलीतल्या नऊच्या नऊ जणांना हे माहीत होते. परीक्षा देऊन परवाने घेतलेली माणसे ती. एकानेही तोंड उघडले नाही.

आबाजी नावाचे सगळ्यांत वयस्कर सभासद होते. ते म्हणाले, "श्रीपत, तू सांग. तू सांगशील ते आमी मानू."

काकांनी माझ्याकडे बघितले. बिजागरीवरची काळी चिकटपट्टी सुटली होती, ती त्यांनी अंगठ्याने दाबून बसवली. आणि म्हणाले, "मशीन जुनं झालंय."

"मग मिटलं," आबाजी म्हणाले. चहा आला.

कपिलने आयोजकांनाही तसेच कळवले. त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले, निर्णय कायम आहे. म्हणजे बघा, साऱ्या जगाच्या यादीत काका चोर ठरले ते ठरलेच. माझ्या बदनामीने त्यांना निर्दोष ठरवले ते फक्त कर्जत-खालापुरात, आणि तिथे त्यांच्यावर संशय घेतला होता कोणी? मंडळाने सगळ्यांची वर्गणी काढून नवा लॅपटॉप घेतला. तो कपिलच्या ताब्यात असतो. चारफाट्यावरच्या त्या जागी आता वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. काकांनी रेडिओवर बोलणे सोडले. आंब्यापासून टाकीपर्यंतच्या तारेवर काकू गोधड्या वाळत घालतात.

तुमच्या आजूबाजूलाही हे रोज चालते. रेशनच्या दुकानात म्हणतात, मशीन अंगठा घेत नाही. बँकेत म्हणतात, सर्व्हर डाउन आहे. कधी ते खरे असते. पण कधी पलीकडच्या माणसाला उठायचा कंटाळा आलेला असतो, आणि मार बसतो तो यंत्राला. यंत्राची निगा राखा, धूळ पुसा, वायरी ओढू नका, असे माझ्या जातीचे सगळेच तुम्हाला सांगतील. मीही सांगतो. पण धूळ बसली तर मी मरत नाही. तुम्ही केलेले काम माझ्या नावावर लिहू नका, एवढेच मागणे आहे. त्याने माझे फार बिघडत नाही. शेजारी बसून जो बघत असतो, त्याचे बिघडते.

बैठकीनंतर चौथ्या दिवशी दर्शनाने मला उघडले. परीक्षेचा अर्ज तिने भरून, छापून, सही करून तयार ठेवला होता. तो पाठवण्याआधी आकडे कोणी भरले ते तिला आपल्या डोळ्यांनी बघायचे होते. तिने फाईल शोधली, बदललेली वेळ वाचली. काका दारात उभे होते.

"बाबा, सोमवारी दुपारी एक वाजता तुम्ही कुठं होता?"

"घरी."

"आणि हा?"

काका आत आले. मग म्हणाले, "कपिलकडं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. बैठकीत बोललात तेव्हाही."

"दर्शना, भावाचं पोर हाय ते. त्याचं आयुष्य गेलं असतं." काकांचा आवाज चढला. "मी कुना मानसाचं नाव घेतलं का? मशीनचं घेतलं. मशीनला काय वाटतंय गं?"

"मशीनचं राहू द्या," दर्शना म्हणाली. "मला वाटतंय ना."

तिने तो अर्ज दुमडला, माझ्या बटणांवर ठेवला आणि झाकण लावले. त्यानंतर मला कोणी उघडलेले नाही. अर्जाची शेवटची तारीख गेल्या महिन्यात होऊन गेली.